रेडियमची खंडेनवमी

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा होते, यात नवल काही नाही. चिंचवडच्या माळावरच्या त्या फाउंड्रीत मात्र ती जरा जास्तच दणक्यात व्हायची. निम्मे कामगार मावळातले, निम्मे सातारा-बीडकडून आलेले, आणि आदल्या वर्षीच्या पूजेनं कोणाचंच समाधान झालेलं नसायचं. भट्टीला हार, क्रेनला हार, ग्राइंडरला हार. टाइम ऑफिसातल्या घड्याळालासुद्धा कुंकवाचं बोट लागायचं. आरती झाली की ज्यानं त्यानं आपल्या मशीनवरचा एक हार उतरवायचा आणि प्रसाद म्हणून घरी न्यायचा. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला तो कोणाच्या दारावर चढे, कोणाच्या सायकलीला, कोणाच्या पाट्यावरवंट्याला. हा रिवाज कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तो मोडायची कोणाची छाती नव्हती.

सदुसष्ट सालच्या पूजेत एक हत्यार नव्यानं सामील झालं आणि त्यानं सगळा घोळ केला. ते हत्यार म्हणजे रेडियम.

फाउंड्रीत पंपांची आणि व्हॉल्व्हची जाडजूड कवचं ओतली जात. वरून चकचकीत दिसणाऱ्या कवचाच्या पोटात भेग आहे की पोकळी, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून कवचाच्या आत रेडियमची कुपी टांगायची, बाहेरून फिल्म बांधायची आणि तासन् तास वाट बघायची. किरण पोलाद भेदून फिल्मवर पडले की आतलं सगळं बिंग बाहेर. कुपी म्हणाल तर लवंगेएवढी. तिच्या कडीला लांब पांढरा दोरा, आणि दोऱ्याचं दुसरं टोक बांबूला. मासे धरायचा गळ असतो ना, तसं ते सगळं प्रकरण. काम संपलं की बांबूनंच कुपी शिशाच्या हंडीत सोडायची, झाकण लावायचं, कुलूप घालायचं. जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही. माणूस आणि कुपी यांच्यात जितकं अंतर, तितकं बरं.

हे खातं होतं पद्मजा देवस्थळीचं. पुण्याहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, मुंबईला तुर्भ्याच्या अणुकेंद्रात जाऊन किरणांपासून बचावाचं शिक्षण घेतलेली, सव्वीस वर्षांची, आणि शॉपमध्ये पाय ठेवणारी एकुलती एक बाई. चिंचवड गावात ती मावशीकडे राहायची. असल्या कामापायी पोरीचं लग्न जमत नाही, असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. पद्मजेला त्याचं काही वाटत नसे. तिला रेडियम आवडायचं, आणि ते ती लपवतही नसे.

रेडियमचं दुखणं असं की त्याचा अणू फार जड. अणूच्या मधल्या गाभ्यात अठ्ठ्याऐंशी प्रोटॉन कोंबलेले, सगळे एकमेकांना ढकलणारे, आणि त्यांना धरून ठेवायला शंभरावर न्यूट्रॉन. दापोडीच्या चाळीत एका खोलीत तीन बिऱ्हाडं राहावीत तसा प्रकार. ते फार काळ निभत नाही. गाभ्यातून एक तुकडा बाहेर फेकला जातो आणि रेडियमचा रेडॉन वायू होतो. त्यालाही चैन पडत नाही. तोही फुटतो, त्याचं पोलोनियम होतं, तेही फुटतं, आणि असं फुटत फुटत एकदाचं शिसं झालं म्हणजे मग शांत बसतं. शिशाच्या हंडीत कोंडलेलं हे जनावर शेवटी स्वतःच शिसं होणार! पण कधी? कोणता अणू कोणत्या क्षणी फुटेल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. तापवा, गोठवा, घणानं ठोका, ते आपल्याच चालीनं फुटणार, आणि निम्मं सरायला सोळाशे वर्षं घेणार. सगळ्या फाउंड्रीत साहेबाला न भिणारं तेवढं एकच आहे, असं पद्मजा म्हणायची.

बांबू धरायला तिच्या हाताखाली कोंडाजी होता. भोसरीचा, पन्नाशीचा, मिशीवाला. तो रेडियमला ‘धाकली’ म्हणायचा. धाकलीशी तो कधी आगाऊपणा करत नसे. बांबू आखूड वाटला तर स्वतः दुसरा तासून आणायचा.

खंडेनवमीच्या दिवशी पद्मजा रजेवर होती, बहिणीच्या डोहाळजेवणाला साताऱ्याला गेली होती. दसऱ्याच्या सुटीनंतर ती सकाळी कामावर आली, तर कोंडाजी हंडीपाशी डोकं धरून बसलेला. हंडीचं झाकण उघडं होतं.

“बाई, घात झाला,” तो म्हणाला. “धाकली न्हाई.”

“नाही म्हणजे?”

“पूजेला काडली हुती मी.”

पद्मजेला आधी कळेचना, की हा माणूस मराठीत बोलतोय का दुसऱ्या कुठल्या भाषेत. कोंडाजी मान खाली घालून सांगत राहिला. “समदी हत्यारं देवीम्होरं आली बाई. पान्हे आले, हातोडे आले. ही एकटीच आत. वर्सभर राबती बिचारी. हंडीला कुंकू लावलं तर हंडीची पूजा झाली, हिची कशी व्हनार? पन हात न्हाई लावला, आईच्यान. बांबूनंच काडली. दोरा क्रेनवरच्या एका हारात गुतवला, उच्चावर, कुनाचा हात लागू नये म्हनून. आरती झाली की ठेवनार हुतो. तवर सायबानं नारळ फोडाया गेटावर बोलिवलं. माघारी आलो तर समदे हार उतरवून नेलेले, आन् शेडला कुलूप. काल दिसभर जिवाला घोर. आज पहाटंच येऊन पायलं. हंडी रिकामी.”

त्याला शिव्या घालाव्यात असं पद्मजेला वाटलं, पण शिव्या घालायला वेळ कुठे होता? तिनं भिंतीवरचा गायगर काउंटर उतरवला. कामगार त्याला टकटक्या म्हणत. रेडियम जवळ असलं की तो टकटक करायचा, फारच जवळ असलं की नुसता घरघरायचा. तो घेऊन ती शेडभर फिरली, क्रेनखाली उभी राहिली, कचऱ्याचे डबे पाहिले. टकटक्या सवयीप्रमाणे मधूनच एखादं टक् करत होता, बाकी गप्प. म्हणजे कुपी शेडमध्ये नव्हती. ती झेंडूच्या हारासोबत कोणाच्या तरी घरी गेली होती.

आणि मग तिला जी भीती वाटली, ती तिला त्याआधी कधी वाटली नव्हती. पांढरा दोरा हाराच्या दोऱ्यात मिसळून गेला असणार. लवंगेएवढी कुपी फुलांत दिसणारही नाही. तो हार पाळण्यावर असेल. उशाशी असेल. कोणाला ती लवंग सापडली आणि त्यानं चमकते म्हणून खिशात टाकली, तर दिवसभरात त्याची मांडी भाजेल, आणि भाजल्याचं कळायलाही आठवडा लागेल. तोवर रेडियम किरण सोडतच राहणार. ते काही दमत नाही.

ती तडक वर्क्स मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. मधुसूदन परचुरे हे मोठं प्रस्थ. विलायतेत शिकून आलेले, माणूस कामाला वाघ, पण आपल्याला न कळणारी एखादी गोष्ट जगात असू शकते यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरची काच रुमालानं पुसली.

“मिस देवस्थळी, ते रेडियम मुंबईच्या आपल्या जुन्या वर्कशॉपातून आलं. पंधरा वर्षं झाली त्याला. आता त्यात राहिलंय काय?”

“जवळजवळ सगळंच राहिलंय, साहेब. त्याच्या हिशेबानं पंधरा वर्षं म्हणजे काहीच नाही.”

“तुम्ही शॉपमध्ये यातलं कोणापाशी बोललात?”

“अजून नाही. पण बोलायला हवं. प्रत्येकाच्या घरी काउंटर घेऊन जायला हवं. आणि तुर्भ्याला आत्ता ट्रंककॉल लावायला हवा, त्यांची माणसं...”

“काही लावायचं नाही.” परचुरे शांतपणे म्हणाले. “आज मुंबईचे लोक यायचे, उद्या पेपरवाले. युनियनला तर आयतं कोलीत मिळेल. मी सांगतो ते करा. कोंडाजीला मी आज काढून टाकतो. कुपी झेंडूबरोबर नदीत गेली, विषय संपला. काउंटर कंपनीचा आहे, तो गेटबाहेर जाणार नाही. फोनला हात लावायचा नाही. आणि कामगारांत घबराट पसरवलीत तर तुमचंही काही खरं नाही.”

“नदीत गेली हे कशावरून?”

“मी म्हणतो म्हणून.”

पद्मजेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्हणाली, “साहेब, तुमचं मी ऐकीन, कोंडाजी ऐकेल, सगळी फाउंड्री ऐकेल. रेडियम नाही ऐकणार. तुम्ही विषय संपवलात म्हणून त्याचा एक अणू फुटायचा थांबणार नाही. ते कोणाच्या घरात आहे तिथे आत्ता, आपण बोलतोय तेव्हासुद्धा, फुटतंय.”

“तुम्ही जाऊ शकता.”

ती गेली. केबिनबाहेर पडल्यावर ती घाबरली, हेही सांगायला हवं. नोकरी गेली तर पुन्हा अशी मिळणार नव्हती. फाउंड्रीत बाई ठेवायला कोण बसलंय? मावशीचं म्हणणं खरं ठरणार, सगळं चिंचवड हसणार. तिनं क्षणभर मनाशी म्हणून पाहिलं की कदाचित नदीतच गेली असेल. मनाला ते पटेना. मग तिनं टकटक्या गळ्यात अडकवला आणि ती गेटकडे चालायला लागली.

गेटावर आबाजी होता. पलटणीतून निवृत्त झालेला, दिघीकडचा. साहेबाचा निरोप तिच्याआधी पोचला होता.

“ते यंत्र भायेर न्हाई न्येता येनार, ताई,” तो म्हणाला. “हुकूम हाय.”

“आबाजी, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“आसंल. पन हुकूम हाय.”

पद्मजा गजांना धरून उभी राहिली. बाहेर रस्ता, पलीकडे कामगारांच्या चाळी, त्यापलीकडे गाव. प्रत्येक दारावर पिवळं तोरण. इतक्या दारांवर ती एकटी जाऊन तरी काय करणार होती? आणि तेव्हा तिला सुचलं, की यंत्र दारोदार जाऊ शकत नसेल तर दारोदारचे हार यंत्राकडे येऊ शकतात.

“आबाजी, भोंग्याबद्दल काही हुकूम आहे का?”

आबाजीनं तिच्याकडे बघितलं. मग टाइम ऑफिसशेजारच्या भोंग्याच्या बटणाकडे बघितलं. “भोंग्याचं सायेब कायबी बोल्ले न्हाईत,” तो हळूहळू म्हणाला, आणि उठला.

अवेळी भोंगा झाला की फाउंड्रीत त्याचा एकच अर्थ: अपघात. हातातलं टाकून माणसं धावत बाहेर आली. चाळींतून बायकाही धावल्या, कोणाचा नवरा, कोणाचा भाऊ म्हणत. दोन-तीनशे जण गेटाच्या दोन्ही बाजूंना जमले. पद्मजा आबाजीच्या स्टुलावर चढली. भाषण करायची तिला सवय नव्हती. ती मोडक्यातोडक्या शब्दांत बोलली, पण काही झाकलं नाही. रेडियमची कुपी पूजेच्या हारात अडकून कोणाच्या तरी घरी गेली आहे. ती लवंगेएवढी आहे. ती वास मारत नाही, धूर सोडत नाही, पण जवळ ठेवली तर भाजते, आणि आत कुठवर भाजते ते दिसत नाही.

“बाईचं ऐकून काम बंद करायचं व्हय?” मागून कोणीतरी ओरडलं. काही जण हसले.

तेव्हा कोंडाजी पुढे आला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “चूक माजी हाय,” तो म्हणाला. “मीच काडली तिला हंडीतनं. मला काय करायचं ते करा. पन बाई सांगती ते ऐका. ह्या बाईनं मला कवाच खोटं सांगितलं न्हाई.”

हसणं थांबलं.

पद्मजेनं सांगितलं ते असं. घरोघर जा. पूजेतून नेलेला हार जिथे असेल तिथून काठीनं काढा. हातात धरायचा नाही, पदरात घ्यायचा नाही, पिशवीत घालायचा नाही. बसमध्ये तर मुळीच चढायचं नाही. काठीच्या टोकाला अडकवायचा, काठी जेवढी लांब मिळेल तेवढी घ्यायची, आणि रस्त्याच्या कडेनं चालत गेटासमोरच्या मैदानात यायचं, एकामागून एक, मध्ये भरपूर अंतर ठेवून. फुलांत धातूची लवंग दिसली तर तिथेच टाकायचं, लांब पळायचं आणि सांगायला यायचं.

आणि मग चिंचवडच्या माळावर असं काही दिसलं की पाहणाऱ्यानं जन्मभर सांगावं. बायका आल्या. कोणाच्या हातात वेळूची काठी, कोणाच्या हातात कपडे वाळत घालायची, जाळी काढायचा झाडू, छताचा वासा, आणि प्रत्येकीच्या टोकाला झुलणारा सुकत चाललेला झेंडू. आकुर्डीकडून आल्या, पिंपरीकडून आल्या. पोरांना घरी कोंडून, उन्हात, अनवाणी. कोणी कुरकुरत होती, कोणी दुसरीला हसत होती, पण काठी आखूड धरणारी एक नव्हती. सोजराबाई नावाची मोल्डिंग खात्यातल्या एका कामगाराची विधवा तर तरातरा चालत येऊन म्हणाली, “बाई, पुडच्या वर्सापासनं आमी बी हत्यारांना कागदाचीच फुलं घालतो बगा!” गेटाच्या आतल्या बाजूला पद्मजा टकटक्या गजांना टेकवून उभी होती. बाई पुढे यायची, चुन्याच्या फक्कीच्या रेघेपाशी थांबायची, टकटक्या गप्प राहायचा, मग हार बाजूच्या खड्ड्यात टाकून ती मोकळी. रांगेला अंत दिसत नव्हता.

परचुरे आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

“हे सगळं बंद करा!” ते ओरडले. “आबाजी, गेटासमोरची गर्दी हटव. मिस देवस्थळी, तुम्हाला मी कामावरून काढून टाकलंय. आत्ता, या क्षणी.”

“बरं,” पद्मजा म्हणाली. आता तिला भीती वाटत नव्हती, आणि याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. “म्हणजे मी आता तुमची नोकर नाही. मग तुमचा हुकूमही मला लागू नाही. यंत्र तुमचं आहे, ते गेटाच्या आतच आहे, बघा. मी फक्त त्याच्याशेजारी उभी आहे.”

“पोलीस बोलवीन मी!”

“बोलवा साहेब. मी तर सकाळपासून म्हणतेय, कोणाला तरी बोलवा.”

बायकांमध्ये खसखस पिकली. परचुरे काही बोलणार तोच टकटक्या बोलला.

आधी एकदोनदा. मग लागोपाठ, तडातड, तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा. पद्मजेनं वर पाहिलं. रेघेपाशी उभी असलेली बाई घाबरून मागे सरली, पण आवाज कमी झाला नाही, वाढतच गेला. तो तिच्या हाराचा नव्हता. रांगेबाहेरून, कंपनीच्या बंगल्याकडच्या रस्त्यानं कोणीतरी येत होतं. इरकली लुगडं नेसलेल्या, गोऱ्या, स्थूल, धापा टाकणाऱ्या एक बाई. हातात खिडकीच्या पडद्याचा लांब पितळी दांडा आणि त्याच्या टोकाला एक बारीकसा हार.

“कुसुम!” परचुरे म्हणाले. त्यांचा आवाज एकदम वेगळाच निघाला. “तुला मी निरोप पाठवला होता ना, बंगल्यातलं कोणी यायचं नाही म्हणून?”

“आला होता निरोप,” कुसुमताई म्हणाल्या. “पण सगळ्या जणी आल्या, मग मी कशी नाही येणार? गाडीच्या ड्रायव्हरनं पूजेतला हार आणून दिला होता. तुम्हाला काय माहीत?”

“थांबा!” पद्मजा ओरडली. “कुसुमताई, तिथेच थांबा! दांडा खाली ठेवा. आता मागे व्हा. आणखी मागे. सगळ्यांनी मागे व्हा!”

टकटक्याची आता नुसती घरघर चालली होती. मैदान रिकामं झालं. मातीत पितळी दांडा पडला होता, टोकाला मूठभर झेंडू. कोंडाजीनं हंडी हातगाडीवर घातली, गेटातून बाहेर ओढली, आणि या वेळी आबाजीनं त्याला अडवलं नाही. कोंडाजीनं सगळ्यांत लांब बांबू घेतला, टोकाच्या आकड्यानं हार उचलला आणि सावकाश हंडीत सोडला, फुलं, दोरा, कुपी सगळं एकदम. मग बांबूनंच झाकण ढकललं. घरघर ओसरली. एखादं टक्. नेहमीसारखं, मधूनच.

कोणीतरी टाळी वाजवली, पण तिला साथ मिळाली नाही. सगळ्यांना कळलं होतं, की आता पुढचा प्रश्न कोणाच्या घरचा आहे.

पद्मजा गेटाबाहेर आली आणि कुसुमताईंपाशी गेली. “हार कुठे होता?”

“माझ्या शिवणाच्या मशीनवर. दसऱ्याला मशीनची पूजा नको का? बारीक हार होता, चाकावर नेमका बसला.” कुसुमताईंनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. “काल संध्याकाळी बसून दोन ब्लाउज शिवले मी. मला काय होईल?”

परचुरे बायकोच्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांच्या घरात शिवणाचं मशीन आहे हे त्यांना माहीत होतं, पण दसऱ्याला त्यालाही हार लागतो हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

“मला सांगता येत नाही,” पद्मजा म्हणाली. “खोटं सांगून तुमचं समाधान करणार नाही. किती वेळ, किती अंतरावर, सगळं मोजून हिशेब करावा लागेल. रक्त तपासावं लागेल, हातांवर लक्ष ठेवावं लागेल. मला वाटतं फार नाही झालेलं. पण मला वाटून उपयोग नाही. हे जाणणारे डॉक्टर तुर्भ्याला आहेत. त्यांना आत्ता कळवायला हवं. तुम्हालाच नाही, कोंडाजीलाही तपासायला हवं, आणि हार इथून तुमच्या बंगल्यापर्यंत नेणाऱ्या ड्रायव्हरलाही.”

परचुरे हलक्या आवाजात म्हणाले, “सापडलं ना? मग आता बोभाटा कशाला? मी कुसुमला पुण्याला चांगल्या डॉक्टरकडे नेतो. खाजगीत. कोंडाजीचंही बघू. तुमची नोकरीही... आपण बोलू त्यावर. फक्त तुर्भ्याला कळवायचं नाही.”

पद्मजेनं कुसुमताईंकडे पाहिलं. कुसुमताई मैदानाकडे बघत होत्या. बायका अजून तिथेच होत्या, लांब, काठ्या उभ्या धरून. कोणीही घरी गेलं नव्हतं.

“पद्मजा ना गं तुझं नाव?” कुसुमताई म्हणाल्या. “चल. आमच्याकडे फोन आहे.”

“कुसुम, तो कंपनीचा फोन आहे!”

“असू दे. जखम झाली तर ती काही कंपनीला नाही होणार.”

त्या वळून चालायला लागल्या. मागून पद्मजा, तिच्या मागून कोंडाजी, आणि मग न बोलावता त्या सगळ्या बायका. बंगल्याच्या दिवाणखान्यात परचुऱ्यांच्या आधी पद्मजा शिरली. कुसुमताईंनी स्वतः रिसिव्हर उचलून एक्सचेंजला मुंबई मागितली, तुर्भ्याचा नंबर पद्मजेनं तोंडपाठ सांगितला. कॉल लागेपर्यंत कोणी बसलं नाही. खिडक्यांतून, दारातून बायकांचे चेहरे दिसत होते. परचुरे दाराशी उभे होते, आत यावं की नाही हे न कळल्यासारखे.

घंटी वाजली, कुसुमताईंनी रिसिव्हर उचलून दोघींच्या कानांपाशी धरला. पलीकडून कोणीतरी इंग्रजीत विचारलं, कोणत्या कंपनीकडून बोलताय, आणि जबाबदार अधिकारी कोण आहेत?

पद्मजा घुटमळली. ती आता कंपनीची कोणीच नव्हती. परचुरे एक पाऊल पुढे आले, हात पुढे करून. “कुसुम, दे इकडे. मी सांभाळतो.”

“अहो, तुम्ही जरा लांब उभे राहा,” कुसुमताई म्हणाल्या, आणि रिसिव्हर कानाला घट्ट धरून, एकेक शब्द सुटा करत, मराठीतच बोलल्या, “हॅलो. कंपनीचं नंतर सांगते. ज्या घरात ते रेडियम होतं, त्या घरातली मी बोलतेय. लिहून घ्या.”